"पाणी कुठनं काढायचं?" : एका नव्या पर्माकल्चर सल्लागाराचं पहिलं काम

जेसीबीवाल्यानं बकेट जमिनीला टेकवून विचारलं होतं, "मॅडम, पाणी कुठनं काढायचं?"

"काढायचं नाहीये दादा, जिरवायचंय," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली आणि खणायला लागला. तासाच्या भाड्यावर आलेला माणूस एकच प्रश्न दोनदा विचारत नाही.

ही गोष्ट मे महिन्यातली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तिचा मला फोन आला. आवाज पार बसलेला. "सर, वरचा बांध फुटला. खालच्या तात्यांच्या भाताच्या तरव्यात सगळा मुरूम गेलाय. काय करू?" मी म्हटलं, आधी तात्यांच्या घरी जा, जमिनीकडं मागाहून बघू. पुण्याहून निघून मी पोचलो तेव्हा ती तात्यांच्या ओट्यावर बसली होती, कपाळापर्यंत चिखल, हातात चहाचा कप. तात्या काही बोलत नव्हते. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

भोर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, घाटाच्या सावलीत घडलेलं हे प्रकरण तिच्या संमतीनं आणि कुणाचं नाव न देता लिहितोय. पर्माकल्चर म्हणजे जमीन, पाणी, झाडं, जनावरं आणि माणूस यांची निसर्गाच्या धर्तीवर केलेली एकत्र आखणी. तिचा सल्लागार व्हायचंय म्हणून माझ्याकडं येणारी मंडळी अलीकडं वाढलीत. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, कोर्स कुठला करू? हिनं कोर्स चांगला केला होता. शिकवणारेही मनापासून शिकवणारे होते. तरी बांध फुटला.

बारा दिवसांत काय मिळतं

ती ३४ वर्षांची. पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नऊ वर्षं काढलेली. आजोळी शेती, पण तिच्या वाट्याला आली ती फक्त मे महिन्याच्या सुट्टीपुरती. नोकरी सोडली आणि डिसेंबरात बारा दिवसांचा निवासी पीडीसी केला.

पीडीसी म्हणजे पर्माकल्चर डिझाइन कोर्स. जगात कुठंही केला तरी साधारण ७२ तासांचा. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी १९७०च्या दशकात ही मांडणी केली, १९७८मध्ये दोघांचं पहिलं पुस्तक आलं, आणि पुढं मॉलिसन यांनी शिकवण्याची ही घडी बसवली. १९८७मध्ये ते भारतात येऊन शिकवून गेले. २०१७ साली जागतिक पर्माकल्चर संमेलन हैदराबादला भरलं, तेव्हा त्या एका भेटीतून दक्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात किती काम उभं राहिलंय ते बाहेरच्यांनाही दिसलं. सांगायचा मुद्दा असा की ७२ तासांचा हा कोर्स सुरुवातीपासूनच उंबरठा म्हणून आखलेला होता. त्यानंतर दोन वर्षं प्रत्यक्ष काम आणि मग डिप्लोमा, ही मॉलिसन यांचीच पायरी. ब्रिटनमध्ये आजही डिप्लोम्यासाठी १० डिझाइनं करून दाखवावी लागतात. आपल्याकडं ही मधली पायरी लोक सरळ गाळतात. सल्लागार म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही, नोंदणी लागत नाही. सर्टिफिकेटची शाई वाळायच्या आत व्हिजिटिंग कार्ड छापून येतं.

तरी त्या बारा दिवसांना मी कमी लेखणार नाही. पाणलोटाच्या कामात उभी हयात गेलेल्या माझ्यासारख्याला जमीन म्हटलं की उतार आणि चर एवढंच दिसतं. तिला त्याच जमिनीत वारा, सावली, कोंबड्या, न्हाणीचं पाणी, उकिरडा आणि माणसाची रोजची ये-जा, सगळं एकमेकांत गुंतलेलं दिसत होतं. ही नजर कृषी पदविकेच्या वर्गात मिळत नाही. तिथं मिळतात ती आकडेमोडीची कोष्टकं. या कामाला दोन्ही लागतं, आणि दोन्ही एका छताखाली शिकवणारी जागा माझ्या तरी पाहण्यात नाही.

नकाशा सुंदरच होता

जमीन सव्वातीन एकर. मालक पुण्यातलं नोकरदार जोडपं, शनिवारी येणारं, रविवारी संध्याकाळी परतणारं. वरच्या टोकाला, जिथून खोरं दिसतं तिथं, त्यांनी टुमदार घर बांधलेलं. खाली रस्त्यालगत फाटक, फाटकाशी राखणदार जोडप्याची पत्र्याची खोली आणि विहीर. राखणदार मामा-मावशी लातूरकडचे. वरच्या हद्दीपलीकडं गायरानाचा उघडा उतार, आणि खालच्या हद्दीला तात्यांची भातखाचरं.

फेब्रुवारीत तिनं तीन फेऱ्या मारल्या. ए-फ्रेमनं, म्हणजे इंग्रजी A च्या आकाराच्या चौकटीनं, समतल रेषा काढल्या, झाडं मोजली, मालकांशी दोन दुपारी बसून त्यांना काय हवंय ते लिहून घेतलं. मग घरी बसून नकाशा केला. रंगीत, त्रिमितीय, प्रत्येक झाडाला खूण. घराभोवती पहिला झोन, म्हणजे रोज पाय पडणारा पट्टा: परसबाग, औषधी वनस्पतींचा गोल वाफा, कढीपत्ता, गवती चहा, लिंबू. त्याखाली फळझाडं, मधूनमधून गिरिपुष्प आणि शेवगा. उतारावर साठ-साठ मीटरचे दोन स्वेल, म्हणजे समतल रेषेवर खणलेले चर आणि खालच्या अंगाला मातीचा बांध. फाटकापाशी गाड्या लावायची जागा आणि कंपोस्टचे खड्डे. त्यावर 'झोन ४' असं लिहिलेलं.

मालक खूश. निम्मी फी आगाऊ मिळाली होती, उरलेली निम्मी नकाशा हातात पडल्यावर मिळाली. या ओळीकडं पुन्हा यायचंय.

पाण्याला सातबारा दाखवता येत नाही

फुटलेल्या बांधाशी उभं राहून मी तिला पहिली गोष्ट करायला लावली ती गुणाकार.

तिनं स्वेलचं माप ठरवताना फक्त मालकांची जमीन धरली होती. पण वरच्या गायरानातलं दोनेक एकराचं पाणी उतरून याच जमिनीत येतं. त्या दिवशी सकाळी तासाभरात किती पाऊस झाला ते कुणीच मोजलं नव्हतं, म्हणून आम्ही ४० मिलिमीटर धरला. घाटाकडच्या पावसाला हा आकडा जड नाही. दोन एकर म्हणजे साधारण ८,१०० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस एका चौरस मीटरवर एक लिटर देतो. म्हणजे तासाला ३ लाख २४ हजार लिटर. त्यातलं निम्मं जिरलं असं उदारपणे मानलं तरी १ लाख ६२ हजार लिटर उतारावरून खाली येणार. तिचे दोन्ही स्वेल काठोकाठ भरले तर मावणार ४२ हजार. म्हणजे पहिल्या पंधरा-सोळा मिनिटांत दोन्ही तुडुंब.

"आणि उरलेलं?" मी विचारलं.

तिनं जागा दाखवली. बांधातून चार इंची पाइप टाकला होता. सेकंदाला येणारं पाणी सुमारे ४५ लिटर, आणि त्या पाइपातून फार तर १२ लिटर जाणार, तेही पाइप मोकळा असेल तर. त्याच्या तोंडाशी करवंदीचा पाला आणि गवताची जुडी अडकलेली होती. पाणी बांधाच्या सगळ्यात सखल जागी चढलं, कडेवरून ओसंडलं, आणि ताज्या भरावाची माती लोण्यासारखी कापत गेलं. वरचा स्वेल फुटल्यावर खालच्याची काय कथा?

तात्यांचं तरव्याचं खाचर नेमकं त्या रेषेत होतं. लावणीला आठवडा राहिलेला, आणि तरव्यावर वीतभर मुरूम.

माप चुकणं ही झाली वरवरची चूक. तिच्या पोटातली चूक मोठी होती आणि तिच्याबद्दल मी जास्त बोलतो, कारण ती फक्त हिची नाही. स्वेल नावाची गोष्ट बहुतेक नवशिक्यांच्या डोक्यात शिरते ती वाळवंट हिरवं केल्याच्या व्हिडिओंतून. जॉर्डनमध्ये मृत समुद्राजवळ पर्माकल्चर शिकवणाऱ्या जेफ लॉटन यांनी केलेलं काम यातलं सगळ्यात गाजलेलं, आणि ते खरंच थोर आहे. पण तिथं वर्षभरात जेमतेम शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या घाटाकडं आषाढात तेवढा एका दिवसात पडून जातो. जिथं पाणी थेंबानं येतं तिथं प्रत्येक थेंब अडवायचा. जिथं लोंढ्यानं येतं तिथं आधी वाट द्यायची आणि मग जमेल तेवढं अडवायचं.

मृदसंधारणाच्या आपल्या जुन्या कोष्टकांत हे अगदी साध्या शब्दांत सापडतं. कमी पाऊस आणि पाणी पिणारी हलकी जमीन असेल तर समतल बांध. पाऊस जास्त किंवा जमीन भारी असेल तर ढाळीचा बांध, म्हणजे चराला शंभर मीटरला वीस-तीस सेंटीमीटर एवढा हळूच उतार देऊन पाणी एका बाजूला, गवत लावलेल्या ओघळीत सोडायचं. कृषी विभागाच्या कुठल्याही जुन्या पर्यवेक्षकाला हे झोपेत विचारा. तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला विचारलं नव्हतं. 'सरकारी चर' हा शब्द ऐकला की नैसर्गिक शेतीवाल्यांच्या कपाळावर आठी उमटते. ती आठी या प्रकरणात महागात पडली.

आता तात्यांबद्दल. अशा गोष्टीत म्हाताऱ्या शेतकऱ्याला सगळं ठाऊक असतं आणि शहरातली पोर वेडी ठरते, असा एक ठरलेला साचा आहे. इथं तसं नव्हतं. गायरानातून येणारी जुनी ओघळ तात्यांच्याच बांधाकडेनं नदीला जायची. काही वर्षांपूर्वी तात्यांनी ती बुजवून एक खाचर वाढवलं होतं. हे ते स्वतः म्हणाले नाहीत. त्यांच्या भावकीतल्या एकानं दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर मला हळूच सांगितलं. ओघळ उघडी असती तर बांध फुटूनही मुरूम खाचरात एवढा पसरला नसता. तिला हे सांगितल्यावर तिचा चेहरा जरा उजळला. मी म्हटलं, खूश होऊ नकोस, ओघळ कुठं गेली हे फेब्रुवारीत विचारणं तुझं काम होतं.

नुकसानभरपाई मालकांनी दिली, त्यात तिनं स्वतःहून निम्मा वाटा उचलला. भावकीतून तरवा गोळा करून तात्यांची लावणी उशिरा का होईना झाली. वकील, नोटीस काही झालं नाही. पण झालं असतं तर तिच्या हातात काय होतं? मालकांशी लेखी करार नव्हता. नकाशाप्रमाणं खणलेलं तपासायची जबाबदारी कुणाची, हेच कुठं लिहिलेलं नव्हतं.

मावशीचा वाफा

पाण्याचं प्रकरण डोळ्यांत भरणारं होतं. दुसरी चूक गुपचूप घडली, आणि माझ्या मते सल्लागार म्हणून ती जास्त शिकवणारी.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो. वरच्या घराभोवतीचा पहिला झोन वाळून कोळ झाला होता. गोल वाफ्यात गवती चहा तेवढा तग धरून. तिला वाटलं ठिबकमध्ये बिघाड आहे. ठिबक ठीक होतं, कॉक उघडायला कुणी नव्हतं. फाटकापासून वरच्या घरापर्यंत नव्वदेक मीटरची चढण. मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "ताई, तिकडं वर सारखं कोण चढणार? माझं गुडघं दुखतेत."

मग मी खोलीच्या मागं डोकावलो. न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू माजलं होतं. पत्र्यावर दोडक्याचा वेल, कुंपणाला वाल, मिरचीची आठ-दहा झाडं, कोपऱ्यात चुलीची राख आणि शेणाचा ढीग, त्यावर लाल भोपळ्याचा वेल पसरलेला. कुणी डिझाइन न केलेला, पुस्तकात छापण्याजोगा पहिला झोन. तिनं पिशवीतून नकाशा काढला. त्या जागेवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'झोन ४. पार्किंग, कंपोस्ट.'

झोनची कल्पना अशी की माणूस जिथं असतो ते केंद्र. जिथं दिवसातून दहा वेळा पाय पडतात तिथं रोज लागणारी गोष्ट लावायची, जिथं महिन्यातून एकदा जाणं होतं तिथं जंगल ठेवायचं. कोर्समध्ये केंद्र म्हणजे घर असं शिकवतात, आणि स्वतःच्या शेतात राहणाऱ्या माणसासाठी ते बरोबरच आहे. कोल्हापूरच्या प्रयोग परिवाराच्या श्री. अ. दाभोळकरांनी दहा गुंठ्यांत एक कुटुंब कसं तगतं याचा हिशेब मांडला. ते गणिताचे प्राध्यापक, हिशेब पक्का. पण त्या हिशेबात कुटुंब त्या दहा गुंठ्यांवर रोज राबतं हे गृहीत आहे. आमच्याकडं सल्ला मागायला येणारे बहुतेक जण शनिवारचे शेतकरी. त्यांच्या जमिनीचं केंद्र त्यांच्या घरात नसतं. ते असतं तिथं राहणाऱ्या माणसाच्या चुलीपाशी, आणि त्या माणसाशी नकाशा काढताना कुणी बोलतच नाही. तिनंही मालकांसोबत दोन दुपारी बैठका केल्या होत्या. मामा-मावशींशी बोलणं झालं होतं ते "पाणी आहे का प्यायला?" एवढंच.

तेव्हापासून तिच्या पहिल्या भेटीच्या कागदावर पहिला प्रश्न बदललाय. पूर्वी तिथं 'तुमचं या जमिनीबद्दलचं स्वप्न काय?' असं होतं. आता आहे, 'मंगळवारी दुपारी तीन वाजता इथं कोण असतं?'

नकाशा फिरवला. भाजीपाला फाटकाशी, मावशीच्या दारात. वरच्या घराभोवती पाणी न मागणारं: करवंद, तोरण, निवडुंग, दगडाची बैठक. मालकांना हे पटायला वेळ लागला, त्यांना व्हरांड्यातून हिरवंगार दिसायला हवं होतं. त्याहून अवघड बोलणं दुसऱ्याच गोष्टीचं होतं: भाजी कुणाची? मावशी पाणी घालणार, तण काढणार, आणि शनिवारी पिशव्या भरून पुण्याला जाणार, असं असेल तर तो वाफाही वाळणार. शेवटी निम्मी भाजी मावशीची असं ठरलं, आणि कागदावर आलं. माणसांची काळजी, वाटून घेणं ही पर्माकल्चरची तत्त्वं कोर्समध्ये पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितात. इथं ती भेंडी-वांग्याच्या वाटणीत उतरली.

मग शिकायचं कसं?

बांध फुटल्यावर तिला कोर्सची फी, नोकरी, सगळंच वाया गेल्यासारखं वाटत होतं. मी एक अट घातली. पुढचं वर्ष नवं काम घ्यायचं नाही. हीच जमीन, बारा महिने, आणि माझ्याबरोबर इतर कामांवर हाताखाली. घर चालवायला ती आठवड्यातले तीन दिवस जुन्या क्षेत्रातलं कंत्राटी काम करत राहिली. लाजण्यासारखं त्यात काही नाही, पहिली दोन-तीन वर्षं सल्ल्यावर पोट भरेल असं धरून चालणं हाच मला वेडेपणा वाटतो.

वर्षभरात सगळ्यात जास्त वेळ गेला तो भिजण्यात. तिनं जमीन फेब्रुवारी ते मे या काळातच पाहिली होती. कोर्सही हिवाळ्यातला. पावसाळा न पाहता घाटाकडच्या जमिनीचं डिझाइन करणं म्हणजे नवरदेव न बघता लग्न ठरवणं. आम्ही कोसळत्या पावसात छत्र्या मिटून पाण्यामागं चालायचो. जिथं पाणी एकत्र येतं तिथं बांबूची खुंटी, जिथं पसरतं तिथं दुसरी. फक्की टिकत नाही, चार मिनिटांत धुऊन जाते, हे पहिल्याच दिवशी कळलं. मामांना प्लास्टिकचं पर्जन्यमापक आणून दिलं. ते रोज सकाळी आठ वाजता कालनिर्णयच्या चौकटीत आकडा लिहायचे, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. त्या कॅलेंडरची पानं आता तिच्या फायलीत आहेत. कुठल्याही हवामान ॲपपेक्षा तिला त्यांचाच उपयोग जास्त.

दुसरं काम खड्डे. सहा जागी, हातानं, खडक लागेपर्यंत. वरच्या भागात दीड-दोन फुटांवरच कातळ. त्या खड्ड्यांत बादलीनं पाणी ओतून घड्याळ लावलं. ऑगस्टात ओतलेलं दुसऱ्या सकाळपर्यंत तसंच उभं, आणि पुढच्या मे महिन्यात त्याच खड्ड्यात अर्ध्या तासात गडप. हा एक प्रयोग तिच्या डोक्यात जे बसवून गेला ते माझ्या दहा व्याख्यानांनी बसलं नसतं. दोन फूट मातीचा स्पंज जूनअखेर भरतो. त्यानंतर 'जिरवा' म्हणून कितीही सांगा, जमीन म्हणते, जागा नाही. आणि जे थोडं जिरतं तेही कातळावरून सरकत खालच्या कुणाच्या तरी बांधातून पाझरून बाहेर येतं. या जमिनीची खरी अडचण जुलैतल्या पाण्याची नाहीच. ती आहे मार्च-एप्रिलची. तिथं उपयोगी पडतं ते दिवाळीपासून जमिनीवर राखलेलं आच्छादन, सावली, आणि खाली विहिरीजवळ साठवण.

बाकीचं भराभर सांगतो. एका निवृत्त मृदसंधारण पर्यवेक्षकाबरोबर ती दोन आठवडे फिरली, ढाळीचे बांध, सांडवे म्हणजे जादा पाणी सोडायच्या वाटा, दगडी पिचिंग बघितलं, पाइप लेव्हलनं ढाळ काढायला शिकली. एक हंगाम रोपवाटिकेत पिशव्या भरल्या. एक पूर्ण दिवस त्याच जेसीबीवाल्याशेजारी बसून काढला, आणि वरची काळी माती आधी वेगळी काढून ठेवायची, भराव थराथरानं दाबायचा, हे त्याच्याकडून शिकली. मजुरीचे, मशीनचे, रोपांचे अंदाजपत्रक लिहायला मात्र ती शेवटपर्यंत कंटाळली, अजूनही कंटाळते.

पैशाचं गणित आम्ही दोघांनी मिळून नव्यानं बसवलं. मघाची ती ओळ आठवा: फीचा दुसरा हप्ता नकाशा दिल्यावर. म्हणजे सल्लागाराचं काम कागदावर संपलं. खणताना तिथं असायचे पैसे नाहीत, पहिल्या पावसात यायचे पैसे नाहीत. ती मे महिन्यात जेसीबीच्या दिवशी गेली तीसुद्धा स्वखर्चानं. आता तिची फी चार तुकड्यांत येते. पहिली पाहणी आणि अहवाल, त्यातच 'इथं काही करू नका' हा सल्लाही निघू शकतो. मग आराखडा. मग खणकामावर देखरेख. आणि शेवटचा हप्ता दिवाळीनंतरच्या भेटीला, पावसाळ्यानं आराखड्याचं काय केलं ते पाहिल्यावर. शेवटचा हप्ता बुडतो का? एकदा बुडलाय. तरी मला ही पद्धत बरी वाटते, कारण पावसाळा पाहायला जायचं निमित्त तिच्या करारातच बांधलेलं आहे.

एक काम तिनं नाकारलं तेव्हा मला ती सल्लागार झाल्यासारखी वाटली. काळ्या मातीच्या पाच एकरांवर एका गृहस्थांना व्हिडिओत पाहिलेले स्वेल हवे होते. तिनं मूठभर माती ओली करून वळली, तिची लांब सुतळी झाली. उन्हाळ्यातल्या भेगांत हात कोपरापर्यंत गेला. ती म्हणाली, ही माती फुगते आणि आकसते, बांध दर वर्षी फुटेल, चरात पाणी साचून मुळं कुजतील, मी हे करून देणार नाही. गृहस्थ दुसऱ्याकडं गेले.

पुढचा पावसाळा

वरच्या हद्दीवर गायरानाचं पाणी पकडणारा, एका बाजूला ढाळ दिलेला चर झाला. दोन्ही जुने स्वेल आखूड केले, प्रत्येकाला दीड मीटर रुंदीचा दगडी सांडवा. त्यावरून दहा सेंटीमीटर जाडीचा थर वाहिला तरी सेकंदाला ऐंशीएक लिटर पाणी जातं, पाला अडकायला तोंडच नाही. सांडव्याखाली वाळा लावला. ओघळीचं काय करायचं यावर तात्यांशी तीन बैठका झाल्या. त्यांनी खाचर मोडलं नाही, मोडा असं आम्हीही म्हटलं नाही. बांधाकडेनं हातभर रुंदीची वाट सोडली, आणि तिचं खणकाम मालकांच्या खर्चानं झालं.

जुलैत आम्ही पुन्हा भिजत उभे राहिलो. कालनिर्णयवर आदल्या दिवसाचा आकडा ११२. सांडव्यावरून पाणी पातळ काचेसारखं वाहत होतं, गढूळ पण शांत. ती खाली वाकून बघत होती, मी सिगारेट पेटवायचा निष्फळ प्रयत्न करत होतो. तेवढ्यात मामांनी हाक मारली. खालच्या स्वेलच्या बांधाच्या बाहेरच्या अंगाला, वीतभर खाली, मनगटाएवढ्या भोकातून पाण्याची धार सुटली होती.

"खेकडा," मामा म्हणाले. "तात्यांनी सांगितलंय, चिकणमाती न् भाताचं काड कालवून ठोकायचं. पण एक बुजवलं की दुसरं पाडतंय."

तिनं भिजलेली वही काढून लिहून घेतलं. मग बाही सरसावून काड आणायला तात्यांच्या गोठ्याकडं निघाली.